मोडी कागद कसा उलगडावा

मागील घटकात तुम्ही मोडीची मुळाक्षरे गिरवली, बाराखडी लिहून काढली आणि नेहमीच्या जोडाक्षरांची ओळख करून घेतली. या घटकात प्रत्यक्ष कागदाकडे वळावयाचे आहे. प्रारंभीच एक गोष्ट सांगून ठेवतो. पहिला जुना कागद समोर आला म्हणजे बहुतेक विद्यार्थ्यांना तो मुळीच वाचता येत नाही. तक्ता पाठ असतो, परीक्षेत प्रत्येक अक्षर अचूक ओळखलेले असते आणि तरीही कागदावर नुसती एक वळणावळणाची, कोठेही न थांबणारी रेघ दिसते. पुण्यात मोडीचा वर्ग घेताना हा क्षण मी दरवर्षी पाहतो. नोकरी आणि संसार सांभाळून शिकणारी प्रौढ माणसे त्या क्षणी स्वतःच्या बुद्धीला बोल लावतात. तसे करण्याचे काहीच कारण नाही. अक्षरे ओळखणे हे एक काम आहे, कागद वाचणे हे दुसरे. दुसऱ्या कामाची स्वतंत्र रीत आहे आणि ती शिकता येते.

अडचण नेमकी कोठे आहे?

देवनागरीला आपल्याकडे बाळबोध म्हणत आले आहेत. बालकालाही बोध व्हावा अशी ही लिपी; तिच्यात प्रत्येक अक्षर सुटे आणि प्रत्येक शब्द वेगळा असतो. मोडीचा जन्म निराळ्या गरजेतून झाला. परंपरा तिचे जनकत्व यादवांचा मंत्री हेमाद्री ऊर्फ हेमाडपंत याच्याकडे देते. ते खरे असो वा नसो, ही लिपी दप्तरात बसून दिवसभर लिहिणाऱ्या माणसाची आहे, हे तिच्या प्रत्येक वळणात दिसते. लेखक प्रथम कागदावर आडवी रेघ ओढून घेई आणि मग बोरू शक्य तितका न उचलता त्या रेघेखाली अक्षरे जोडीत जाई. दोन शब्दांमध्ये जागा सोडण्याची पद्धत नव्हती. विरामचिन्हे नव्हती. वेलांटी सर्वसाधारणपणे दीर्घ आणि उकार सर्वसाधारणपणे ऱ्हस्व काढला जाई. म्हणजे ‘दिन’ आणि ‘दीन’ हा भेद कागदावर उरतच नाही. अनुस्वार तर वारंवार गाळलेला असतो.

भाषाविज्ञानाच्या परिभाषेत बोलायचे तर, या लेखनात उच्चारातील काही भेद नोंदवलेलेच नाहीत; ते वाचकाने आपल्या भाषाज्ञानातून भरून काढावयाचे आहेत. त्या काळच्या कारकुनाला ते सहज जमत असे, कारण तो त्याच भाषेत आणि त्याच व्यवहारात वावरत होता. आपण त्या व्यवहाराबाहेर उभे आहोत. तक्ता अपुरा पडतो तो यामुळे. हाताच्या वळणांचा प्रश्न आणखी वेगळा. २०१४ मध्ये युनिकोडच्या सातव्या आवृत्तीत मोडीचा समावेश झाला आणि संगणकावर नेटकी मोडी दिसू लागली, ही आनंदाची बाब आहे. परंतु पेशवेकाळातील एखाद्या घाईत असलेल्या कारकुनाने तुमचा फाँट पाहिलेला नव्हता.

अंदाजाचे भय

या अडचणीतून सुटण्याचा सर्वांत जवळचा मार्ग म्हणजे अंदाज. दोनचार अक्षरे लागली की मन उरलेला शब्द स्वतःच पुरा करते. पुण्यात हा घटक शिकवताना ‘ध चा मा’ची आठवण काढल्यावाचून राहवत नाही. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा गारद्यांनी खून केला. ‘नारायणरावास धरावे’ असा लेखी हुकूम होता आणि त्यातील ‘ध’च्या जागी ‘मा’ करून ‘मारावे’ करण्यात आले, अशी आख्यायिका आहे. तिचा रोख आनंदीबाईंकडे असतो. इतिहासाच्या दृष्टीने ती आख्यायिकाच मानावी. ती सांगणारे बहुतेक जण कागद पाहिल्याच्या थाटात सांगतात, एवढेच नवल. मात्र भाषेने तिच्यातील एक सत्य वाक्प्रचाराच्या रूपाने जपले आहे: कागदावर एका अक्षराचे मोल एका माणसाएवढे असू शकते. आख्यायिकेत लिहिणाऱ्याने अक्षर बदलले. आपल्या हातून तेच काम वाचताना, नकळत आणि कोणताही कट न करता होऊ शकते.

हा भूतकाळाचाच प्रश्न आहे असे समजू नका. २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीच्या कामासाठी कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा जिल्ह्याजिल्ह्यांतून जुनी दप्तरे उघडली गेली आणि त्यांतील मोडी वाचणाऱ्यांची निकड एकाएकी साऱ्यांना जाणवली. जन्ममृत्यूच्या नोंदीतील एक शब्द, जमिनीच्या सीमेतील एक नाव, वाटणीपत्रातील एक आकडा यांवर आजही कोणाचे तरी काही अवलंबून असते. तुमच्यापैकी काही जण हा अभ्यासक्रम पुरा करून असे वाचन करूही लागतील. म्हणून ‘मला असे वाटते’ आणि ‘येथे असे लिहिले आहे’ या दोन विधानांतील अंतर पहिल्या दिवसापासून राखावयाचे आहे.

प्रथम वाचू नका, पाहा

कागद हाती येताच पहिली ओळ वाचण्याचा मोह आवरा. पाच मिनिटे तो नुसता पाहा. वर मध्यभागी ‘श्री’ आहे का? त्याखाली जागा किती सोडली आहे? पहिली ओळ कोठून सुरू होते, शेवटच्या ओळी दाटीने बसवल्या आहेत का, समासात काही आडवे लिहिले आहे का, शिक्का आहे का, असल्यास कोठे? मजकुरात आकडे कोठे आहेत आणि ते एकाखाली एक आले आहेत का? आकडे एकाखाली एक असतील तर तो बहुधा हिशेबाचा किंवा यादीचा कागद आहे. सलग मजकूर आणि शेवटी शिक्का असेल तर आज्ञापत्र किंवा सनद असू शकेल. समासातील वेगळ्या शाईचा मजकूर बहुधा नंतरचा असतो. पत्र कधी पोहोचले याची नोंदही पुष्कळदा तेथे किंवा पाठीमागे सापडते.

यातून एकही अक्षर वाचले जात नाही, पण कागदाची जात कळते. ती कळली की पुढे कोणते शब्द येण्याचा संभव आहे, याची एक मर्यादित यादी मनात तयार होते. हिंजवडीत संगणकाचे काम करणारा एक विद्यार्थी माझ्या वर्गात होता. दुसऱ्या कोणी लिहून ठेवलेली लांबलचक आज्ञावली हाती आली तर आम्हीही आधी ती ओळीने वाचत नाही, असे तो म्हणाला. ती कोठे सुरू होते, कोठे संपते, तिचे कोणते भाग पुनःपुन्हा येतात हे ते प्रथम पाहतात आणि मग एकेक भाग सुटा करून तपासतात. मला त्या क्षेत्रातले फारसे कळत नाही. परंतु त्याचे पुढील मोडी वाचन इतरांपेक्षा लवकर सुधारले, हे खरे.

ठरावीक शब्दांचा आधार

अपरिचित लेखनात सर्वांत उपयोगी पडते ते पुनःपुन्हा येणारे. १८३७ मध्ये जेम्स प्रिन्सेप यांना ब्राह्मी लिपीचा उलगडा झाला, तो याच वाटेने. सांचीच्या स्तूपावरील कठड्यांवर अनेक लहान लहान लेख कोरलेले होते. ते लेख निरनिराळे असले तरी पुष्कळांच्या शेवटी तीच दोन अक्षरे येत होती. इतक्या लहान लेखांत, एकाच वास्तूवर, सर्वांना समान असे काय असेल? प्रिन्सेप यांनी तर्क केला की प्रत्येक लेख कोणा ना कोणा दात्याच्या देणगीची नोंद असावा आणि शेवटचा शब्द ‘दानं’ असावा. त्या शब्दाने द आणि न मिळाले. त्याच्याआधी वारंवार येणारे अक्षर षष्ठीच्या प्रत्ययातील ‘स’ ठरले. मग ती अक्षरे अन्यत्र बसवून पाहता पाहता लिपी उकलत गेली. आपल्या पुणे जिल्ह्यातील कार्ले आणि जुन्नर येथील लेण्यांतही दानाच्या नोंदींचा असाच ठरावीक साचा आढळतो.

मोडी वाचणाऱ्याचे काम प्रिन्सेप यांच्यापेक्षा कितीतरी सोपे आहे, कारण भाषा आपली आहे आणि साचेही ठाऊक आहेत. बरोबरीच्या किंवा वडीलधाऱ्या व्यक्तीस लिहिलेल्या पत्राचा प्रारंभ घ्या. ‘राजश्री’ अथवा ‘तीर्थरूप’ असे संबोधन, नाव, आणि मग ‘साष्टांग नमस्कार विनंती येथील कुशल जाणून स्वकीय कुशल लिहीत जाणे’ या धर्तीचा मजकूर. शेवटी ‘बहुत काय लिहिणे’, ‘हे विनंती’. आज्ञेच्या कागदात शेवटी ‘जाणिजे’, कोठे ‘लेखनसीमा’, कोठे ‘मोर्तब सुद’. हे शब्द पाठ करा. ते पाठ असणे म्हणजे कुलपाची अर्धी किल्ली हाती असणे.

अर्धी हा शब्द मी सैलपणाने वापरलेला नाही. वरील कुशलाचा मजकूर पुन्हा पाहा आणि त्यातील व्यंजने मोजा. ‘साष्टांग नमस्कार विनंती’ यात स, ष, ट, ग, न, म, क, र, व, त अशी दहा मिळतात. ‘येथील कुशल जाणून’ यात य, थ, ल, श, ज, ण ही सहा नवी. ‘लिहीत’ मधून ह. एकूण सतरा. मराठीची व्यंजने, ळ धरून, चौतीस मानली तर बरोबर निम्मी व्यंजने तुम्हाला कागदाच्या पहिल्या दोन ओळींत, खात्रीच्या ठिकाणी मिळतात. ती त्याच हाताने, त्याच बोरूने काढलेली असतात. यांतील ष आणि ट जोडाक्षरात दडलेली असल्यामुळे त्यांचे सुटे रूप वेगळे दिसेल, एवढे ध्यानात ठेवावे.

आता एक कोरा कागद घ्या आणि या लेखकाची स्वतंत्र वर्णमाला तयार करा. तक्त्यातील ‘क’ नव्हे, या माणसाने काढलेला ‘क’ तेथे उतरवा. काना, वेलांटी, उकार लागला की अक्षराचे रूप कसे पालटते, हेही टिपा. ‘र’ला विशेष जागा ठेवा, कारण शेजारच्या अक्षराप्रमाणे तो आपले रूप फार बदलतो. ज्या अक्षराबद्दल खात्री नाही, त्याच्यापुढे प्रश्नचिन्ह ठेवा आणि ते चिन्ह पुरावा मिळाल्यावाचून पुसू नका.

तारीख: अरबी शब्दांतील गणित

यानंतर तारखेकडे वळावे. विद्यार्थी तिला भितात. वास्तविक कागदातील सर्वांत निश्चित भाग तोच असतो, कारण तेथे शब्द मोजके असतात आणि त्यांची बेरीज ताळ्यावर पडताळता येते.

मराठी दप्तरात सुहूर सन चालत असे. कागदावर तो ‘सु॥’ अशा संक्षेपाने येतो आणि पुढे आकडे नसून अरबी संख्यावाचक शब्द असतात. एकपासून नऊपर्यंत साधारणतः इहिदे, इसन्ने, सलास, अर्बा, खमस, सित, सबा, समान, तिसा. दहा म्हणजे अशर. पुढे वीस ते नव्वद अशरीन, सलासीन, अर्बैन, खमसैन, सितैन, सबैन, समानीन, तिसैन. शंभर म्हणजे मया, दोनशे म्हणजे मयातैन, हजार म्हणजे अलफ. ‘व’ म्हणजे आणि. निरनिराळ्या लेखकांच्या हातून या शब्दांचे लेखन थोडेफार बदलते, त्याने गोंधळू नये.

क्रम पाहा: आधी एकं, मग दहं, मग शतक, मग सहस्र. हा क्रम मराठी माणसाला परका नाही. आपणही ‘एकसष्ट’ म्हणताना आधी एक आणि मग साठ म्हणतो. अरबीने तीच चाल हजारापर्यंत नेली आहे. आता ‘अर्बा सबैन मया व अलफ’ वाचा. चार, सत्तर, शंभर आणि हजार, बेरीज ११७४.

सुहूर सनावरून इसवी सन काढण्यासाठी ५९९ किंवा ६०० मिळवावे लागतात. दोन आकडे का? हे वर्ष सूर्य मृग नक्षत्रात जातो त्या दिवशी सुरू होते, म्हणून त्याला मृगसाल असेही म्हणतात. अठराव्या शतकात तो दिवस मे-जूनच्या सुमारास येई. म्हणून वर्षारंभापासून डिसेंबरअखेरपर्यंतच्या कागदाला ५९९, आणि जानेवारीपासून पुढील वर्षारंभापर्यंतच्या कागदाला ६०० मिळवावयाचे. ११७४ मध्ये ५९९ मिळवले की १७७३ येते. म्हणजे नारायणरावांचा खून झाला त्या ऑगस्टातील दप्तराच्या कागदावर ‘अर्बा सबैन मया व अलफ’ हेच शब्द असावयास हवेत. दुसरे उदाहरण पानिपताचे. लढाईचा दिवस १४ जानेवारी १७६१. महिना जानेवारी, म्हणून ६०० वजा करा: ११६१. शब्दांत ‘इहिदे सितैन मया व अलफ’. येथे घाईने ५९९ धरले तर पानिपत एक वर्ष अलीकडे सरकते! प्रकाशित ग्रंथांतही अशी एका वर्षाची चूक क्वचित आढळते.

एक गुंता आणखी. वर्ष सौर, पण दिवस आणि महिना बहुधा हिजरी, म्हणजे चांद्र. ‘छ’ हे अक्षर आणि त्यापुढे आकडा आला की तो चांद्र दिवस समजावा. पुढे मोहरम, सफर, रबिलावल, जमादिलाखर, रज्जब, साबान यांसारखे महिन्याचे नाव येईल. अचूक इसवी तारखेसाठी जंत्री पाहावीच लागते. ती तोंडी काढून दाखवणाऱ्यांच्या नादी लागू नये.

ओळ कशी तोडावी

आता मुख्य काम. पुढील ओळ सरावासाठी मी रचली आहे. ती एखाद्या विशिष्ट कागदातील नाही. मोडीत ती जशी येईल, तशीच, म्हणजे शब्द न तोडता, देवनागरीत देत आहे.

वीहीरीपासुनआब्याचेझाडापावेतोतेथुनचीचेचेझाडापावेतोजमीनबीघे३॥तुम्हासदील्हीअसे

येथे थांबा. पुढे वाचण्यापूर्वी पेन्सिलीने स्वतः उभ्या रेघा मारून पाहा.

मी ही ओळ डावीकडून वाचत नाही. मराठी वाक्यात क्रियापद शेवटी येते, म्हणून शेवटापासून निघतो. ‘असे’ सुटले. त्याआधी ‘दील्ही’, म्हणजे ‘दिल्ही’; देणे या धातूचे हे जुन्या मराठीतील भूतकाळी रूप. ते स्त्रीलिंगी आहे. याचा अर्थ जे दिले ते नाम स्त्रीलिंगी असले पाहिजे. त्याआधी ‘तुम्हास’: घेणारा सापडला. आता ओळीत आकडा दिसतो, त्याच्या अलीकडे ‘बीघे’ आणि त्याअलीकडे ‘जमीन’. जमीन स्त्रीलिंगी, क्रियापदाशी मेळ बसला. अर्धी ओळ व्याकरणाने सोडवली, अक्षरांनी फक्त साक्ष दिली.

आकड्यापुढील दोन दंडांकडे लक्ष द्या. आकड्यानंतर एक दंड म्हणजे पाव, दोन दंड म्हणजे अर्धा, आणि ‘॥।’ म्हणजे पाऊण. म्हणून ही जमीन साडेतीन बिघे. पण हेच दोन दंड अक्षरानंतर आले तर तो संक्षेप असतो: ‘रा॥’ म्हणजे राजश्री, ‘मौ॥’ म्हणजे मौजे, ‘प॥’ म्हणजे परगणे, ‘चि॥’ म्हणजे चिरंजीव. एकच चिन्ह, दोन कामे. कोणते काम ते शेजारी ठरवतो. बिघ्याचे कोष्टकही येथेच पाठ करा: वीस काठ्यांचा एक पांड, वीस पांडांचा एक बिघा, एकशेवीस बिघ्यांचा एक चाहूर.

उरला पूर्वार्ध. त्यात ‘पासुन’ एकदा आणि ‘पावेतो’ दोनदा. या शब्दांची जोडी असते. ‘पासून’ने सीमा सुरू होते, ‘पावेतो’ने ती पोहोचते. ‘तेथुन’ त्यांना सांधतो. हे तिन्ही खुंट ठोकले की उरतात ‘वीहीरी’, ‘आब्याचे झाडा’ आणि ‘चीचेचे झाडा’. विहिरीबद्दल शंका नाही. शेवटचा शब्द प्रथमदर्शनी हास्यास्पद दिसतो, पण गाळलेला अनुस्वार परत ठेवा: चिंचेचे झाड.

राहिला ‘आब्याचे’. या शब्दापाशी मी एकदा आपटलो आहे. संशोधक विद्यार्थी असताना एका परिचित कुटुंबाने घरातला कागद वाचावयास दिला. सीमेच्या वर्णनात असाच शब्द होता. मी तो ‘आब्याचे’ असा जसाच्या तसा वाचला आणि ‘आब्या नावाच्या इसमाचे झाड’ असा अर्थ लिहून दिला. अक्षर एकही चुकले नव्हते, म्हणून मला शंकाही आली नाही. आठ दिवसांनी माझ्या मार्गदर्शकांनी तो कागद पाहिला. त्यांनी विचारले, “त्याच्या पुढच्या सीमेवर काय आहे?” पुढे चिंच होती. मग पुढे बाभूळ होती. सगळी सीमा झाडांच्या जातींनी सांगितलेली असताना मधेच एक माणूस कोठून उगवला? तो आंबा होता. चूक सांगण्यासाठी त्या घरी गेलो, तेव्हा घरातील आजोबांनी वंशावळ पुढ्यात मांडली होती. कोणा आब्याची शाखा आपल्या भावकीतून गळाली की काय, याचा ते दोन दिवस शोध घेत होते. ते रागावले नाहीत. “मास्तर, माणूस गेला आणि झाड आले, बरेच झाले,” एवढेच म्हणाले. मला मात्र ते बरेच दिवस पुरले.

येथे व्याकरण निर्णय देऊ शकत नव्हते, ही गोष्ट नीट समजून घ्या. ‘आंबा’चे सामान्यरूप ‘आंब्या’, आणि ‘आब्या’ या सलगीच्या नावाचेही सामान्यरूप ‘आब्या’च. नाव ‘आबा’ असते तर ‘आबाचे’ झाले असते आणि य-काराने भेद दाखवला असता. येथे तोही आधार नाही. निर्णय दिला तो समांतर रचनेने: एकाच यादीतील इतर घटक ज्या प्रकारचे, त्याच प्रकारचा हा घटक असण्याचा संभव अधिक. संभव अधिक, एवढेच. यादीत पुढे ‘अमक्याचे शेत, तमक्याचे घर’ असे असते, तर आब्याच योग्य ठरला असता.

म्हणजे एकूण ओळ आजच्या मराठीत अशी: विहिरीपासून आंब्याच्या झाडापर्यंत, तेथून चिंचेच्या झाडापर्यंत, साडेतीन बिघे जमीन तुम्हाला दिली आहे.

लिहून काढताना

वाचलेले नेहमी दोन स्वतंत्र रकान्यांत लिहा. पहिल्यात लिप्यंतर: कागदावर जे आहे तेच, त्याच ऱ्हस्वदीर्घासह, त्याच गाळलेल्या अनुस्वारासह. फक्त शब्द तोडा. तुम्ही भरलेले अक्षर चौकटी कंसात ठेवा, जसे ‘आ[ं]ब्याचे’. कसर लागून गेलेल्या किंवा न लागलेल्या जागी टिंबे द्या आणि साधारण किती अक्षरे गेली असतील, तेवढी द्या. दुसऱ्या रकान्यात आजच्या मराठीतील अर्थ. या रकान्यात तुम्हाला स्वातंत्र्य आहे, पहिल्यात नाही. दोन्हींची सरमिसळ झाली की पुढचा वाचक तुमची चूक शोधू शकत नाही. मार्गदर्शकांना माझा आब्या सापडला, कारण मी लिप्यंतर तरी जसेच्या तसे उतरवले होते.

पुढचा वाचक असतोच. वि. का. राजवाडे यांनी १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढला आणि पुढे एकूण बावीस खंड निघाले. १९१० मध्ये त्यांनीच खंडेराव मेहेंदळे यांच्यासह पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन केले. गो. स. सरदेसाई यांच्या संपादनाखाली १९३० ते १९३४ या काळात पेशवे दप्तरातील निवडक कागदांचे पंचेचाळीस भाग प्रसिद्ध झाले. एवढे होऊनही पुण्याच्या दप्तरातील बहुसंख्य रुमाल अद्याप छापले गेलेले नाहीत. आणि छापलेल्या कागदांतीलही काही वाचने नंतरच्या अभ्यासकांनी दुरुस्त केली आहेत. सवड मिळेल तेव्हा सदाशिव पेठेतील मंडळात किंवा एखाद्या पुरालेख कार्यालयात जाऊन एखादा छापील कागद आणि त्याचे मूळ शेजारी ठेवून पाहावे. आठवड्याला एक कागद पुरे. पाच कागद पाच निरनिराळ्या हातांचे वाचण्यापेक्षा एकाच हाताचे पाच वाचणे प्रारंभी अधिक लाभदायक ठरते, असा माझा अनुभव आहे.

सरावासाठी

पुढील ओळही मीच रचलेली आहे. ती शेवटाकडून तोडा, संक्षेप आणि अपूर्णांक वेगळे ओळखा, गाळलेले अनुस्वार चौकटी कंसात भरा, वर्षाचे इसवी सनात रूपांतर करा आणि मग दोन्ही रकाने लिहा. कागदात महिना रज्जब आहे आणि तो त्या वर्षी सप्टेंबरच्या सुमारास आला होता, असे धरा.

मौ॥मजकुरचेओढ्याचेकाठीचीजमीनबीघे२।दरसालवसुलरुपये१२॥।पाचजणानीवाटुनघ्यावासु॥खमससबैनमयावअलफ

ओळीत ‘काठी’ हा शब्द आला आहे. तो येथे जमीन मोजण्याचे माप आहे की ओढ्याचा काठ, हे ठरवा. आणि तो निर्णय तुम्ही ओळीतील कोणत्या शब्दांच्या आधारे घेतला, ते पहिल्या रकान्याच्या समासात दोन वाक्यांत नोंदवा.